यादी नीट वाच, मग कॉपी कर

अगं, बंगळुरूत, इंदिरानगरच्या नव्या ऑफिसात पहिलंच काम इन्स्टॉलर स्क्रिप्टचं मिळालं म्हणून हिरमुसू नकोस. "नुसत्या फायली तर कॉपी करायच्यात" असं तू फोनवर म्हणालीस ना, तेवढं मला खटकलं. ही स्क्रिप्ट तू जवळ नसताना परक्याच्या मशीनवर चालणार, तीही बहुतेक वेळा रूटच्या अधिकाराने. म्हणून चार गोष्टी मनापासून सांगते.

कॉपी करणं सोपंच असतं. घोळ होतो तो यादी वाचताना. एका ओळीत एक नाव, अशी टेक्स्ट फाइल तुला मिळेल. नवखी मुलं 'कॅट'ने ती यादी थेट 'फॉर' लूपमध्ये ओततात, आणि स्पेस दिसली की शेल तिथेच नाव तोडतं. 'मासिक अहवाल' ही एक फाइल, पण शेल 'मासिक' वेगळी शोधतं आणि 'अहवाल' वेगळी. त्यापेक्षा 'व्हाइल' लूपमध्ये 'रीड' घे, आयएफएस रिकामं ठेव आणि 'हायफन आर' लाव, नाहीतर नावातले बॅकस्लॅश गळतात. व्हेरिएबल कायम डबल कोट्समध्ये. कायम म्हणजे कायम गं!

उगाच घाबरवत नाहीये. 2001च्या नोव्हेंबरात आयट्यून्स 2.0चा मॅकसाठीचा इन्स्टॉलर आला. ज्यांच्या डिस्कच्या नावात स्पेस होती, त्यांतल्या काहींचा सगळा डेटा पुसला गेला आणि अ‍ॅपलला तो इन्स्टॉलर मागे घ्यावा लागला. 2011मध्ये लिनक्सवरच्या बम्बलबी या प्रोग्रॅमच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये 'आरएम'च्या ओळीत 'यूएसआर'नंतर एक स्पेस जास्त पडली, आणि लोकांची अख्खी यूएसआर डिरेक्टरी उडाली.

यादीच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर नसेल, तर साधा 'रीड' लूप ती ओळ सोडून देतो. एररही येत नाही, त्यामुळे ती फाइल राहिल्याचं कुणाच्या ध्यानातच येत नाही. म्हणून लूपच्या अटीत 'किंवा व्हेरिएबल रिकामं नसेल तर' हे जोडून ठेव. यादी विंडोजवर बनवलेली असेल, तर प्रत्येक नावाच्या शेवटी न दिसणारं सीआर चिकटलेलं असतं. ते आधी काढ.

आणि एक खास आपल्या भाषेतलं. 'दुसऱ्या'मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता असा. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलसिस्टिम नाव दुसऱ्या प्रकाराने साठवायची. लिनक्सला ही दोन वेगळी नावं वाटतात, पडद्यावर मात्र फरक दिसत नाही. बंगळुरूत कन्नड नावांच्या फायलीही येतील. देवनागरी असो की कन्नड, यूटीएफ-8मध्ये प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. लिनक्सच्या ईएक्सटी4 फाइलसिस्टिमवर नावाची मर्यादा 255 बाइटची, म्हणजे फार तर 85 चिन्हं, मात्राही त्यातच धरून.

माझं ऐकशील तर आधी सगळी यादी वाचून प्रत्येक फाइल जागेवर आहे का ते बघ. एक जरी सापडली नाही, तरी काहीही कॉपी न करता थांब आणि तिचं नाव स्पष्ट छाप. अर्धवट इन्स्टॉल झालेलं निस्तरणं फार त्रासाचं असतं.

चाचणीच्या यादीत स्पेसवालं एक नाव, हायफनने सुरू होणारं एक आणि ऱ असलेलं एक नक्की घाल. मग शनिवारी स्क्रिप्ट मला पाठव, यादीच्या फायलीसकट.