उतारवयातील आहार व मद्य



आम्ही वैद्य नव्हे, शास्त्रज्ञही नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, व पुढील सारे आयुष्य ज्वारी, गहू, हरभरा व मूग यांच्या पोत्यांत गेले. तथापि ज्याने चाळीस वर्षे लोकांच्या घरी धान्य पोचविले, त्याने ते धान्य पोटात गेल्यावर काय कार्य करते हे थोडे जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटले. हा विषय निवडण्यास दुसरेही एक कारण आहे. ते पुढे येईल.

१. बैठा धंदा

आमच्या वडिलांच्या पिढीतील व्यापारी पेढीपासून वखारीपर्यंत दिवसातून अनेक खेपा पायी घालीत. आज अमरगोळच्या बाजार-आवारात गादीवर बसल्या जागी फोनवर भाव कळतो. चालणे सुटले, परंतु जेवण मात्र तेवढेच राहिले. किंबहुना भाकरीची जागा पॉलिशच्या तांदळाने व मैद्याच्या पदार्थांनी घेतली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली एक मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीत देशातील दहा कोटींहून अधिक लोकांस मधुमेह असल्याचा अंदाज आहे.

दुसरी गोष्ट स्नायूंची. तिशीनंतर दर दहा वर्षांस शरीरातील स्नायू सुमारे ३ ते ८ टक्के घटतात, व साठीनंतर ही घट अधिक वेगाने होते. वजनकाटा तेच वजन दाखवितो. मात्र मांस गेलेले असते व त्या जागी चरबी आलेली असते. म्हणून उतारवयात केवळ कमी खाणे पुरेसे नाही; योग्य ते खाणे व अंग हालविणे अगत्याचे आहे.

२. प्रथिनांचा ताळेबंद

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढ माणसास दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज मिळावीत असे ठरविले आहे. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसास सुमारे ५० ग्रॅम. वृद्धांस याहून थोडी अधिक हवीत, असे अनेक तज्ज्ञ मानतात.

आता शाकाहारी घराचा हिशेब मांडू. १५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या तीन भाकऱ्यांत सुमारे १५ ग्रॅम, ७० ग्रॅम डाळीत वा कडधान्यात सुमारे १५, अर्धा लिटर दुधात वा त्याच्या दह्यात सुमारे १६, व मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७ ग्रॅम. एकूण ५३. पोषणास मांसाहार आवश्यक आहे, या समजुतीला हा ताळेबंदच उत्तर आहे. मात्र यातील डाळ पातळ वरणाच्या पाण्यापुरती उरली व दूध चहापुरते उरले, तर बेरीज जमत नाही.

मोहोळ येथे निवडलेली मालदांडी ज्वारी आपल्या भागात घरोघरी परिचित आहे. तिच्यात पॉलिशच्या तांदळाहून चोथा पुष्कळ अधिक असतो, त्यामुळे पोट साफ राहते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. हाडांसाठी एवढे देणारे दुसरे धान्य आमच्या वखारीत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले, तेव्हा शहरांत त्यांचे कौतुक झाले. आपण मात्र ते विकूनही घरी न खाणारे राहू नये.

ब-१२ या जीवनसत्त्वाविषयी आपल्या समाजाने विशेष सावध असावे. ते धान्यात, डाळीत वा भाजीत नसते. आपणांस ते मुख्यत्वे दूध-दह्यातून मिळते. वयोमानाप्रमाणे ते शरीरात कमी शोषले जाते, आणि मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध दीर्घकाळ घेतल्यानेही कमी होते. तळपाय बधिर होणे, तोल जाणे, विस्मरण होणे या गोष्टी ‘वयाचेच आहे’ म्हणून सोडू नयेत. रक्ताची तपासणी करून घ्यावी.

३. मद्य

आता ज्या कारणास्तव लेखणी उचलली ते सांगतो.

मद्यत्याग हा श्रावकाच्या अष्टमूलगुणांपैकी एक. त्यामुळे ‘आपल्यात तो प्रश्नच नाही’ असे आपण सभेत म्हणतो. आमचे एक स्नेही वयाने आम्हांहून लहान होते. त्यांस मधुमेह होता हे सर्वांस ठाऊक होते. सौदा पुरा झाल्यावर परगावच्या पाहुण्यांबरोबर रात्री ‘बसण्याची’ सवय त्यांस पन्नाशीनंतर लागली, हे आम्हां थोड्यांस ठाऊक होते. एकदा त्या मेजावर आम्हीही सरबताचा पेला धरून बसलो होतो. आम्ही घेतली नाही, पण त्यांस अडविलेही नाही. सौदा मोठा होता. पुढे यकृत निकामी होऊन ते गेले. शोकसभेत आम्हीच उठून ‘मधुमेहाने नेले’ असे सांगितले. घराच्या अब्रूसाठी तसे बोललो, अशी मनाची समजूत घातली. परंतु समोर काही तरुण बसले होते, व त्यांस खरे कळावयास हवे होते, ही रुखरुख आजही जात नाही.

मद्य अंगात काय करते ते पाहू. ६० मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे २० ग्रॅम मद्यार्क असतो. त्याचे उष्मांक १४० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ एका भाकरीएवढे, परंतु त्यात प्रथिने शून्य. वयाबरोबर शरीरातील पाण्याचा अंश घटतो, म्हणून चाळिशीत सोसलेला तोच पेला साठीत रक्तात अधिक चढतो. यकृत मद्यार्काचा निचरा करण्यात गुंतले की साखर तयार करण्याचे त्याचे काम मंदावते. इन्सुलिन वा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्याची साखर अशा वेळी, विशेषतः उपाशीपोटी, रात्री एकाएकी उतरते. रक्तदाब वाढतो, झोप तुटते, तोल जाऊन हाड मोडण्याचा धोका वाढतो. ‘थोडी हृदयास चांगली’ हे म्हणणेही आता टिकत नाही. मद्य कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ मध्येच नोंदविले, आणि मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही असे त्या संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. कर्नाटकात २००७ साली सरायी बंद झाली; परंतु आपल्याकडे जी आली ती बाटलीतून व प्रतिष्ठेच्या नावाने आली.

४. आपले कर्तव्य

आमची नम्र सूचना अशी. रोज अर्धा तास चालावे व आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंस ताण देणारा व्यायाम करावा. मीठ दिवसास ५ ग्रॅमच्या आत ठेवावे. सूर्यास्तापूर्वी जेवणे व दोन घास कमी खाणे ही आपली जुनी शिस्त पाळावी. मात्र मधुमेह्याने उपवासापूर्वी वैद्यास विचारावे. संघाने वर्षातून एकदा सभासदांच्या साखर, रक्तदाब व ब-१२ च्या तपासणीची व्यवस्था करावी. सौद्याच्या बैठकीत मद्य ठेवावयाचे नाही, असा ठराव ज्येष्ठांनी प्रथम स्वतःपुरता करावा.

ज्यास सवय जडली आहे त्यास दूषणे देऊ नयेत. रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडल्यास झटके येऊ शकतात. म्हणून वैद्याच्या देखरेखीखाली सोडावे. धारवाडच्या मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत यावर उपचार होतात. तेथे जाण्यात कमीपणा नाही.

आमच्या स्नेह्याच्या बाबतीत आम्हांस उशीर झाला. वाचकांपैकी कोणाच्या शेजारी आज तसा माणूस बसला असेल, तर त्याने आमच्यासारखे गप्प राहू नये, एवढीच विनंती करून लेख पुरा करतो.