आंतरराष्ट्रीय आकडेवारी : तुलनेची पथ्ये

जागतिक बँकेने २०१० मध्ये आपले आकडेवारीचे भांडार संकेतस्थळावर सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्यामुळे दोन देशांच्या अर्थव्यवस्थांचा तौलनिक अभ्यास विद्यार्थ्यांना सुलभ झाला आहे. तथापि, आकडा हाती येणे म्हणजे तुलना पूर्ण होणे नव्हे.

याबाबत ऑक्टोबर २०२० चे उदाहरण बोलके आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्या वर्षासाठी बांगलादेशाचे दरडोई स्थूल देशांतर्गत उत्पादन १,८८८ डॉलर, तर भारताचे १,८७७ डॉलर राहील असा अंदाज वर्तविला. भारत मागे पडल्याची चर्चा सुरू झाली. मात्र हे आकडे चालू किमती व बाजारातील विनिमय दर यांवर आधारित होते. देशांतर्गत किमतींतील फरक विचारात घेणाऱ्या क्रयशक्ती समानतेच्या निकषावर भारत पुढेच होता.

म्हणून कोणताही आकडा टिपताना पुढील बाबी नोंदवाव्यात :

१. निकष : विनिमय दर की क्रयशक्ती समानता, चालू किमती की स्थिर किमती.
२. कालावधी : कॅलेंडर वर्ष की आर्थिक वर्ष. भारताचे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असते.
३. स्वरूप : अंदाज की प्रत्यक्ष आकडा.
४. पद्धती : मानव विकास निर्देशांक १९९० पासून प्रसिद्ध होतो, परंतु २०१० मध्ये त्याची गणनपद्धती बदलली. त्यामुळे जुन्या व नव्या अहवालांतील क्रमांकांची थेट तुलना करू नये. एकाच अहवालातील कालमालिका वापरावी.

उत्तरात आकड्यासोबत त्याचा निकष व वर्ष दिल्यास निष्कर्षाला भक्कम आधार मिळतो.