गच्चीवर सौर पॅनेल बसवताय? आधी हा हिशेब करा

मानकापूरवरून कोराडी रोडने निघालं की थोड्याच वेळात औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. 660 मेगावॉटचे तीन संच तिथे कोळशावर चालतात. पलीकडे खापरखेड्याचं औष्णिक केंद्र आहे. आपल्या कूलरला लागणारी वीज कुठून येते, हे नागपूरकराला पुस्तकातून शिकावं लागत नाही. त्या भागात राहणाऱ्यांना कोळशाची राख रोज खिडकीच्या चौकटीवर पुसावी लागते. केंद्र सरकारच्या सौर शहर कार्यक्रमात नागपूरची ‘आदर्श सौर शहर’ म्हणून निवड झाली. पारंपरिक ऊर्जेची अपेक्षित मागणी पाच वर्षांत किमान 10 टक्क्यांनी कमी करणं हे त्या कार्यक्रमाचं उद्दिष्ट होतं. आज खरी हालचाल मात्र घराघरांच्या गच्च्यांवर दिसते. गच्चीवरच्या संचांना अनुदान देणाऱ्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत नागपूर जिल्हा राज्यात आघाडीवर राहिला आहे.

आता पैशाचं बोलू. या योजनेत पहिल्या 2 किलोवॉटना प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला 18,000 रुपये अनुदान मिळतं. म्हणजे 3 किलोवॉटला 78,000. त्यापुढे 5 बसवा की 10, अनुदान 78,000 च राहतं. हे आकडे ठरवताना सरकारने पहिल्या 2 किलोवॉटसाठी प्रत्येकी 50,000 आणि तिसऱ्यासाठी 45,000 रुपये किंमत धरली होती. त्या हिशेबाने 3 किलोवॉटचा संच 1,45,000 चा होतो आणि आपल्या खिशातून 67,000 जातात. बाजारात कोटेशन मागवलं की आकडा साधारण पावणेदोन ते सव्वादोन लाखांच्या दरम्यान निघतो. अनुदानासाठी भारतात बनवलेल्या सेलचीच पॅनेल लागतात आणि ती महाग पडतात. उरलेला फरक बहुतेक वेळा लोखंडी सांगाड्याचा असतो.

सांगाड्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण घासाघीस करताना लोक हमखास इथेच चुकतात. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड वाळत पडलेले असतात, त्यामुळे सात-आठ फूट उंच सांगाडा हवा असतो. तो बुटक्या सांगाड्यापेक्षा महाग पडणारच. पण मे-जूनमधलं वादळ आठवा. एवढ्या उंचीवरची पॅनेलं म्हणजे वाऱ्यासाठी शीडच. पाइपची जाडी, गॅल्वनायझिंग आणि पायाचे काँक्रीटचे ठोकळे या तिन्ही गोष्टी कोटेशनमध्ये लिहून घ्या. स्लॅबला भोकं पाडणार असतील तर गळती कोण दुरुस्त करून देणार, तेही लिहून घ्या. पाच-सात हजार वाचवायला पातळ पाइप घेऊ नका.

आमच्या गल्लीतल्या एका काकांकडे संच बसला तेव्हा मी गच्चीवर गेले होते. सकाळी सगळं लखलखीत होतं. दुपारी तीनच्या सुमाराला पाण्याच्या टाकीची सावली सरकत सरकत दोन पॅनेलांच्या कोपऱ्यावर आली. ओंजळभर सावली, पण एका माळेत जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर सावली पडली तरी पूर्ण माळेची वीज घटू शकते. बसवणाऱ्याने पाहणी सकाळी दहाला केली होती. टाकी चार फूट सरकवली असती तर प्रश्नच नव्हता. 1 किलोवॉटला सुमारे 100 चौरस फूट जागा लागते, आणि ती बिनसावलीची लागते.

किती किलोवॉट घ्यायचा, हे विक्रेत्याला ठरवू देऊ नका. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि युनिटांची बेरीज करा. 1 किलोवॉटमधून दिवसाला सरासरी 4 युनिट धरतात. पावसाळ्यात ती घटतात. कडक उन्हाळ्यात वीज सर्वांत जास्त तयार होते असं नाही, कारण पॅनेल तापलं की 25 अंशांच्या वर दर अंशाला उत्पादन 0.3 ते 0.4 टक्क्यांनी कमी होतं. 45 अंशांच्या दुपारी काच किती तापते, ते हात लावल्याशिवायही कळतं.

विदर्भातल्या ग्राहकाने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. नेट मीटरमध्ये आपण ग्रीडला दिलेली जादा युनिटं पुढच्या महिन्यात वळती होतात, पण 31 मार्चला खातं बंद होतं. शिल्लक युनिटांचे पैसे मिळतात ते आपण मोजतो त्या दरापेक्षा बऱ्याच कमी दराने. आपले कूलर सुरू होतात नेमके त्यानंतर! हिवाळ्यात साठवलेली युनिटं एप्रिलच्या बिलात येत नाहीत. म्हणून मे महिन्याचं बिल डोळ्यांसमोर ठेवून मोठा संच घेऊ नका. वर्षभराची सरासरी महिन्याला 300 युनिट असेल तर 3 किलोवॉट भरपूर झाले.

फायदा किती? समजा, संच 2 लाखांना पडला. अनुदान वजा जाता 1,22,000 राहिले. महावितरणचा दर 100 युनिटांपर्यंत कमी असतो आणि त्यापुढच्या टप्प्यात जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून 300 युनिट वापरणाऱ्या घराचे महिन्याला अडीच हजारांच्या आसपास वाचतात आणि चार-साडेचार वर्षांत पैसे वसूल होतात. 100 युनिटांच्या आत वापर असलेल्या घरालाही परवडतं, वेळ मात्र जास्त लागतो. योजनेच्या नावात ‘मोफत वीज’ असली तरी स्थिर आकार दर महिन्याला येत राहतो. दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागेल, त्यासाठी तीसेक हजार बाजूला ठेवा. पॅनेलला 25 वर्षांची हमी असते, इन्व्हर्टरला ती तेवढी नसते.

अनुदान आधी मिळत नाही. संच सुरू होऊन तपासणी झाल्यावर ते खात्यात जमा होतं, तोवर पूर्ण रक्कम आपल्यालाच उभी करावी लागते. बँका या योजनेत विनातारण कर्ज देतात, व्याज रेपो दराशी जोडलेलं असतं. विक्रेता योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला असला पाहिजे आणि पाच वर्षांची देखभाल त्याच्याकडेच असते. 10 किलोवॉटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची अट राहिलेली नाही. जीएसटीही बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून पॅनेलवर 12 ऐवजी 5 टक्के आहे. जुन्या दराचं कोटेशन कुणी पुढे केलं तर परत करा. सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 मिळतात, पण गच्चीचा ठराव सर्वसाधारण सभेतच करून घ्या.

दोन गोष्टी विक्रेता बहुधा सांगत नाही. लाइट गेले की बॅटरी नसलेला संचही बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी ती सोय केलेली आहे. आणि पॅनेलं धुवायची ती पहाटे किंवा संध्याकाळी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी पंधरवड्यातून एकदा धुवावीत, नाहीतर राखेचा थर बसतो.

कोळशाच्या विजेमुळे देशाच्या ग्रीडमधल्या दर युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. 3 किलोवॉटचा संच वर्षाला 4,000 युनिट देत असेल तर पावणेतीन टनांच्या आसपास वाचतो. तो आकडा माझ्यासाठी पैशाइतकाच मोलाचा आहे.

योजनेची मुदत 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंत आहे. हिवाळ्यात सूर्य खाली असतो आणि सावल्या सर्वांत लांब पडतात. म्हणून डिसेंबरातल्या एखाद्या दुपारी तीन वाजता गच्चीवर जाऊन टाकीची, जिन्याच्या खोलीची, शेजारच्या झाडाची सावली कुठवर येते ते खडूने आखून घ्या. मगच तीन जणांकडून कोटेशन मागवा.