भैरवीच्या वाटेने स्पॅनिश गिटार

बेल्हे, राजुरी, आळे या पट्ट्यातल्या भजनी मंडळांत बसणाऱ्या कानाला भैरवी नवी नसते. त्याच कानाच्या जोरावर स्पेनच्या गिटारमधला अरबी रंग हाती घेता येतो.

स्पेनच्या दक्षिणेत आठव्या शतकापासून 1492 मध्ये ग्रानादा पडेपर्यंत मुस्लिम राजवटी होत्या. ऊद हे तंतुवाद्य त्या काळात तिथे रुजलं. नेमके कोणते सूर अरबांकडून आले, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तार्रेगासारख्या रचनाकारांनी त्या काळाची आठवण मुद्दाम जागवली.

साहित्य : नायलॉनच्या तारांची गिटार, पेटी, मोबाइलवरचा ट्यूनर.

कृती

1. जाड (सहाव्या) तारेपासून बारीक (पहिल्या) तारेपर्यंत क्रमाने ई, ए, डी, जी, बी, ई अशी गिटार जुळवा. पेटीवर सा पांढरी तीनचा धरा. तोच गिटारचा ई.

2. पांढरी तीनपासून वरच्या पांढरी तीनपर्यंत फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवा. रे, ग, ध, नि कोमल लागतात. ही भैरवी झाली.

3. हेच सूर जाड ई तारेवर काढा : मोकळी तार, मग पडदा 1, 3, 5, 7, 8, 10, 12. सा आणि कोमल रे यांत एकाच पडद्याचं अंतर आहे. तिथे रेंगाळा, सा-रे-सा घोळवा. या संगीताची हुरहूर तिथेच आहे.

4. आता तिसऱ्या पडद्याऐवजी चौथा दाबा. पेटीवर काळी चार. गंधार शुद्ध झाला आणि रे-ग मध्ये तीन पडद्यांची उडी पडली. अरबी संगीतातला हिजाज इथे ऐकू येतो. आपल्याकडे हे सूर बसंत मुखारीचे.

5. ए मायनर, जी, एफ, ई मेजर हे कॉर्ड प्रत्येकी चार मात्रा वाजवा. खर्ज उतरतो म, ग, रे, सा. एफचा बार (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबणं) जमेपर्यंत नुसता खर्ज वाजवा : पाचवी तार मोकळी, मग सहाव्या तारेवर पडदा 3, पडदा 1, मोकळी.

6. ई मेजरवर थांबा. तिसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावरचं बोट उचला, पुन्हा ठेवा. बोट उचललं की कोमल गंधार, ठेवलं की शुद्ध. जी कॉर्डमधला कोमल गंधार ई मेजरवर शुद्ध होतो, म्हणून शेवट इतका उजळतो.

7. उजव्या हाताने अंगठा खर्जावर, मागोमाग अनामिका, मध्यमा, तर्जनी एकाच बारीक तारेवर चालवा. तार्रेगाची ‘रेकुएर्दोस दे ला अल्हाम्ब्रा’ ही रचना याच बोटांवर उभी आहे. सुरुवात अगदी संथ ठेवा. चारही ठोके सारख्या वजनाचे पडल्याशिवाय लय वाढवू नका.

8. शेवटी तुमच्या पाठातली भैरवीतली एखादी चाल पाचव्या पायरीतल्या उतरणीवर बसवा. शुद्ध गंधार प्रत्येक ओळीला नको. ओळ जिथे विसावते तिथेच लावा. तो जपून लावला तरच त्याचा रंग टिकतो.