म्हातारपण नव्हे, स्नायूंची झीज!

वस्तीत आरोग्य तपासणीला बसले की एक तक्रार हमखास येते. "ताई, संडासला बसले की उठवत नाही. दाराची कडी धरून उठते." घरचे म्हणतात, "वय झालं, चालायचंच." आणि गुडघ्याची गोळी मागतात. पण दोष दर वेळी एकट्या गुडघ्याचा नसतो. मांडीचे स्नायू झिजलेले असतात.

हे काय आहे?
वयामुळे स्नायू आणि त्यांची ताकद कमी होणे याला 'सार्कोपेनिया' म्हणतात. तिशीनंतर दर १० वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात, साठीनंतर वेग वाढतो. स्नायूंची जागा चरबी घेते. त्यामुळे वजन तेच दिसते आणि झीज लक्षात येत नाही. मग तोल जातो, माणूस पडतो, खुब्याचे हाड मोडते. रक्तातली बरीचशी साखरही स्नायू वापरतात, म्हणून मधुमेह आवरणे अवघड होते.

घरीच तपासा
भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवर बसा. हात छातीशी बांधून ५ वेळा उठा-बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पाय कमकुवत झाले आहेत असे समजा आणि डॉक्टरांना सांगा. तपासताना कोणीतरी जवळ उभे राहावे.

सक्तीचा आराम नको
निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणावर ठेवून पाहिले, तेव्हा त्यांच्या पायांचे जवळपास १ किलो मांस झडले. म्हणून आजारपणातून उठताना डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर आजी-आजोबांना रोज थोडे चालवा.

ताकद परत येते
१९९० साली अमेरिकेत बोस्टनमध्ये नव्वदीच्या अशक्त वृद्धांकडून ८ आठवडे वजनाचा व्यायाम करून घेतला. पायांची ताकद दुपटीहून जास्त झाली. आपल्याला मशीन नको. एक दिवसाआड खुर्चीवरून १० वेळा उठबस करा, ओट्याला धरून १० वेळा टाचा उचला. पाण्याने भरलेली लिटरची बाटली म्हणजे १ किलोचे वजन. ती हातात घेऊन वर-खाली करा. श्वास रोखू नका. छातीत दुखले, चक्कर आली तर थांबा.

ताटात काय?
वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. ५० किलोच्या आजीला रोज ५० ते ६० ग्रॅम. चहा-खारी आणि पातळ आमटीवर ती मिळत नाहीत. हिशेब असा: दोन अंडी १२ ग्रॅम, घट्ट वरणाच्या दोन वाट्या १२, मूठभर शेंगदाणे ७, अर्धी वाटी सुक्या सोयावड्या सुमारे १०, तीन ज्वारीच्या भाकरी १२. झाले ५३. दात नसतील तर शेंगदाण्याचे कूट आणि अंड्याची बुर्जी द्या. सुकट-बोंबीलही उत्तम, पण रक्तदाब असेल तर मीठ धुऊन काढा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता एक प्रश्न. तुमच्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते? बहुतेक घरांत उत्तर आई किंवा आजी. अंडे संपलेले असते, वरणाचे पाणी उरलेले असते. तिचे ताट आधी वाढा.

आणि वस्तीतल्या सार्वजनिक संडासात धरायला लोखंडी दांडा आहे का, पाहा. नसेल तर दहा घरांच्या सह्या घेऊन वॉर्ड ऑफिसला अर्ज द्या. म्हाताऱ्या माणसाला कोणाचा हात न धरता उठता येणे, हा मानाचा प्रश्न आहे.