एका पेटीवर घर चालतं का?

बारावीचा निकाल लागला की बेळगावच्या टिळकवाडीत काय नि निपाणीत काय, घरोघरी एकच चौकशी: पुढं काय? मुलानं ‘मला वादक व्हायचंय’ म्हटलं, की वडिलांचा प्रश्न ठरलेला: ‘ते खरं, पण पोटापाण्याचं काय?’

प्रश्न रास्त आहे. त्याचं एक उत्तर बेळगावातच सापडतं.

कागवाडला जन्मलेले पंडित रामभाऊ विजापुरे (1917–2010) पेटीवादक. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, कुमार गंधर्व अशांना त्यांनी साथ केली. पण 1940 मध्ये आकाशवाणीनं हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत उठली नाही. ऐन उमेदीत एक मोठं दार बंद! रामभाऊ मैफलींत साथ करत राहिले आणि बेळगावातल्या श्रीराम संगीत महाविद्यालयात त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या.

स्टुडिओतल्या वादकांवरही अशी वेळ आली. एकेकाळी मुंबईत मोठ्या गाण्याला पन्नास-साठ वादक एकत्र बसत. व्हायोलिनच्या रांगांत गोव्याची मंडळी भरपूर, कारण चर्चच्या शाळांत ती लहानपणीच नोटेशन वाचायला शिकलेली असत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, कोवळ्या वयातच स्टुडिओत वाजवून घराला हातभार लावू लागले आणि पुढं संगीतकार झाले. मग सिंथेसायझर आला, प्रत्येक वाद्य वेगळं घेणारं मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग रुळलं आणि त्या रांगा विरळ झाल्या.

आज बासरीवाला एकटाच येतो, कानाला हेडफोन लावून लयीच्या टिकटिकीवर (क्लिकवर) वाजवतो आणि तासाभरात निघतो. व्हायोलिनचा ताफा कीबोर्डवर भागतो. ढोलकीची थाप किंवा बासरीची मींड मात्र अजून माणसाकडूनच घ्यावीशी वाटते. पगार नसतो, पैसे कामागणिक मिळतात. पुन्हा बोलावणं येतं ते वेळेवर पोचणाऱ्याला, कागदावरचं लगेच वाजवणाऱ्याला आणि तिसऱ्या टेकला अरेंजरचं, म्हणजे संगीत संयोजकाचं, मन ओळखणाऱ्याला.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या मुलांना इथं एक सोय आहे. बेळगावहून मुंबई आणि बंगळूर दोन्ही साधारण 500 किलोमीटर. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणाऱ्या वादकाला दोन चित्रपटसृष्टी खुल्या. शिक्षणही जवळच: गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारदसारख्या परीक्षा आहेत, पदवीसाठी कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ किंवा धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ. स्टुडिओ पदवी विचारत नाही, पण शिकवण्याच्या नोकरीत ती लागते. स्टाफ नोटेशन आणि घरच्या घरी रेकॉर्डिंग करण्याचं तंत्र मात्र मुलानं वेगळं शिकून घ्यावं.

कागदपत्रांकडे पालकांनी लक्ष द्यावं. 2012 च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरावर कलाकाराला रॉयल्टीचा हक्क मिळाला. पण चित्रपटातलं काम किरकोळ स्वरूपाचं असेल आणि श्रेयनामावलीत नावही नसेल, तर त्या हक्कापुरता कायदा त्याला कलाकार मानत नाही. म्हणून मानधन ठरवतानाच नावाचंही बोलून घ्यावं आणि सही केलेल्या कराराची प्रत घरी ठेवावी.

पदवी चालू असतानाच एक वही सुरू करावी. तीन रकाने: शिकवणी, साथ, रेकॉर्डिंग. दर महिन्याला कुठून किती आले ते मुलानं लिहावं आणि दिवाळीत वडिलांसोबत बसून तिन्ही बेरजा पाहाव्यात. एखादा रकाना सहा महिने कोराच असेल, तर पुढच्या सुटीत काय शिकायचं ते तिथंच ठरवता येईल.