दास्य, कृतज्ञता आणि सेवा
(पंडिता रमाबाई, ना. वा. टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांच्या संदर्भात)

मराठी ख्रिस्ती साहित्याच्या वाचनात 'सेवा' हा शब्द पदोपदी भेटतो. अनाथांचा सांभाळ, दुष्काळपीडितांना आश्रय, रुग्णांची शुश्रूषा या सर्वांचा उल्लेख तेथे 'देवाची सेवा' असाच होतो. मनुष्य देवाच्या सेवेला आयुष्य का वाहतो, या प्रश्नाला आपल्याकडे सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. सेवेने पुण्य लाभते व मोक्ष मिळतो, हे एक. सेवा हे धर्मप्रसाराचे साधन आहे, हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे सेवा करणाऱ्याच्या मनाबाहेर उभे राहून दिलेली आहेत. सेवा करणारी व्यक्ती स्वतः कोणते कारण सांगते आणि तिचे आचरण त्या कारणाला दुजोरा देते काय, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. सेवेचे शास्त्र

नव्या करारात सेवेची एकाहून अधिक कारणे आढळतात. येशू स्वतः शिष्यांचे पाय धुतो आणि त्यांनी एकमेकांशी तसेच वागावे असे सांगतो. हे अनुकरणाचे कारण होय. भुकेल्याला दिलेले अन्न आपल्यालाच पोहोचते, असे तो मत्तयाच्या शुभवर्तमानात म्हणतो. येथे पीडित मनुष्य हेच सेव्य देवाचे रूप ठरते. पौलाच्या पत्रांत मात्र या सर्वांच्या मुळाशी असलेले कारण येते. तारण हे कृपेचे दान आहे, कर्माचे फळ नव्हे. सत्कर्मे त्या दानामागून येतात. सत्कर्मांचे तारणातील स्थान नेमके कोणते, याविषयी रोमन कॅथलिक व प्रॉटेस्टंट परंपरांत मतभेद असले, तरी कृपेचे अग्रस्थान दोघींनाही मान्य आहे. म्हणजेच येथील सेवक काही मिळावे म्हणून सेवा करीत नाही. मिळाले आहे म्हणून करतो. सेवेचा हा क्रम ध्यानात न घेतल्यास पुढील तिन्ही चरित्रांचा अर्थ निसटतो.

२. रमाबाई : प्रश्नातून सेवेकडे

पंडिता रमाबाईंचा (१८५८–१९२२) बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी साक्षीत त्यांनी लंडनमधील एका अनुभवाला विशेष महत्त्व दिले आहे. तेथील धर्मभगिनी समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांचा प्रेमाने सांभाळ करीत होत्या. अशा स्त्रियांविषयी कोणाला आस्था का वाटावी, हा प्रश्न रमाबाईंना पडला. उत्तरादाखल त्यांच्यापुढे आली ती योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा. धर्मविचाराच्या आधी त्यांना सेवा दिसली, आणि सेवेचे कारण शोधताना त्या ख्रिस्तापर्यंत पोहोचल्या, हा क्रम लक्षणीय आहे.

याच साक्षीत त्या आणखी एक भेद करतात. बाप्तिस्म्याच्या वेळी आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. प्रत्यक्ष ख्रिस्त मात्र काही वर्षांनंतर गवसला, असे त्या सांगतात. धर्म बुद्धीने पटणे आणि कृपेचा स्वतः अनुभव येणे यांतील हे अंतर आहे. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणल्या. त्यातूनच केडगावच्या मुक्तिसदनाचा विस्तार झाला. रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण १८७० च्या दशकातील दुष्काळातच गेली होती. भुकेची ती आठवण आणि आपण वाचलो याची जाणीव, या दोन्ही गोष्टी त्यांच्या दुष्काळकार्यामागे उभ्या आहेत.

धर्मप्रसाराचा आक्षेप येथे टाळता येत नाही. शारदासदनातील ख्रिस्ती प्रभावावरून १८९३ मध्ये पुण्यात मोठा वाद झाला व सल्लागार मंडळाच्या सदस्यांनी राजीनामे दिले. आपली श्रद्धा इतरांपर्यंत पोहोचावी ही इच्छा रमाबाईंनी लपविली नाही. परंतु ही इच्छा सेवेसोबत असणे आणि तीच सेवेचे कारण असणे, या भिन्न गोष्टी आहेत. पहिली मान्य करून दुसरी नाकारता येते.

३. टिळक : चाकरी आणि सेवा

१८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तानुभव भक्तिपरंपरेच्या भाषेत मांडला. आपण तुकोबांच्या मार्गाने ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची धारणा सर्वश्रुत आहे. नवविधा भक्तीत दास्यानंतर सख्य आणि अखेरीस आत्मनिवेदन येते. योहानाच्या शुभवर्तमानातही येशू शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो. दास्याकडून सख्याकडे जाणारी ही वाट टिळकांना दोन्ही परंपरांत भेटली.

या दृष्टीने त्यांचा १९१७ मधील निर्णय अर्थपूर्ण ठरतो. अनेक वर्षे मिशनचे काम केल्यानंतर त्यांनी ते वेतन सोडले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना तेथे एकत्र येता यावे, अशी त्यांची कल्पना होती. मराठीत नोकरीलाही आपण 'सेवा' म्हणतो. टिळकांनी मात्र चाकरी आणि सेवा यांत रेषा ओढली. मोबदल्याची अपेक्षा उरली की कृतज्ञतेचा व्यवहार होतो, हे त्या कृतीचे तात्पर्य होय. शिवाय दरबाराचे दार बाप्तिस्म्याच्या अटीवाचून उघडे ठेवल्याने सेवा हे केवळ संख्यावाढीचे साधन आहे हे उत्तरही अपुरे पडते.

४. लक्ष्मीबाई : त्यागाची किंमत

तथापि टिळकांचा त्याग एकट्याचा नव्हता. वेतन सोडणाऱ्याच्या घरातील चूल कोण पेटती ठेवते, हा प्रश्न 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास पडतोच. लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) सेवेचे तत्त्वज्ञान सांगत नाहीत. जातिभेद देवाने निर्मिलेला नाही, हे बाप्तिस्म्यापूर्वीच उमजून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास तयार झालेल्या या स्त्रीच्या घरात परक्यांची मुले आपल्यासारखी वाढली. टिळकांच्या उदारपणावर त्या रुसतात, हसतात आणि अखेर त्याच ताटात आणखी एक पान मांडतात. पतीच्या पश्चात अपूर्ण राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुढे नेऊन पूर्ण केले. येथे सेवा ही घोषणा न राहता दिनक्रम बनते. सेवाभावाची सर्वांत कठोर कसोटी कदाचित हीच असावी.

५. समारोप

या तिन्ही चरित्रांत सेवेचे मूळ कारण कृतज्ञता हेच दिसते. आज्ञापालन, अनुकरण आणि पीडितांत देव पाहणे ही कारणे तिच्या आधारे उभी राहतात. रमाबाईंच्या ठिकाणी ही कृतज्ञता करुणेचे, टिळकांच्या ठिकाणी निरपेक्षतेचे, तर लक्ष्मीबाईंच्या ठिकाणी सोशिक आतिथ्याचे रूप घेते. वर्गात हे ग्रंथ शिकविताना धर्मांतराच्या वादापाशीच थांबण्याची आपली सवय आहे. वाद वगळावा असे नाही. पण त्यापुढे जाऊन या व्यक्तींनी स्वतः सांगितलेले कारण विद्यार्थ्यांपुढे ठेवले नाही, तर वादाचा इतिहास हाती लागेल आणि साहित्य मात्र निसटेल.